येलापाची पायी टूर: फक्त बीच बघायचा असेल तर सोडा, गाव समजून घ्यायचं असेल तर नक्की घ्या

पुएर्तो वायार्ताला येणारे बहुतेक लोक बोटीने येलापाला जातात, धबधबा बघतात, बीचवर बसतात नि परततात. आम्ही तिथल्याच एका गावकऱ्याबरोबर अर्ध्या दिवसाची पायी टूर घेतली आणि मला विचाराल तर मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातला हा किनारा समजून घ्यायचा तर पैसे इथेच घालवावेत.

गाइड चाकालाच्या आदिवासी समुदायाचा सभासद, त्यामुळे पाठ केलेलं काहीच नव्हतं. वर चढून गेल्यावर त्याने ओढे नि डोंगरधारा दाखवत हद्दी सांगितल्या. येलापा काबो कोरिएन्तेस या पालिकेत येतं, ही पालिका १९४४ साली झाली, तिचं मुख्य गाव आत डोंगरात, एल तुइतो. पण पायाखालची जमीन पालिकेची नाहीच, ती अख्ख्या समुदायाची सामाईक! सातबाऱ्यासारखा एकेकाच्या नावाचा उतारा इथे नसतोच. घर कुठे बांधायचं, बाहेरच्याला जागा वापरू द्यायची का, हे समुदायाची सभा ठरवते. त्यात पुन्हा भरतीच्या रेषेपासून २० मीटरचा किनारपट्टा केंद्र सरकारचा, म्हणजे समुद्रातून चार पावलं वर आलं की हद्द बदलते.

सगळ्यात आवडलं ते १९९२ च्या बदलाबद्दल त्याने सांगितलेलं. १९१७ च्या राज्यघटनेच्या कलम २७ ने गावांच्या सामाईक जमिनीला आधार दिला, १९९२ मध्ये एहिदो प्रकारच्या, म्हणजे सरकारने शेतकऱ्यांच्या गटाला सामाईक दिलेल्या जमिनींचे तुकडे खासगी करून विकायची वाट उघडली, पण आदिवासी समुदायाची जमीन कायद्याने आजही विकता येत नाही, जप्त होत नाही, नि कुणी कितीही वर्षं राहिला म्हणून त्याची होत नाही. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणूस थेट जमीन घेऊच शकत नाही, इतर ठिकाणी बँकेच्या ट्रस्टमधून घेतात, इथे खासगी मालकीच नाही तर ट्रस्ट कशाचा करणार. म्हणून "समुद्राकाठी प्लॉट" कुणी दाखवला तर आधी समुदायाच्या ऑफिसात जाऊन विचारा, हे तो दोनदा बजावून म्हणाला आणि मला ते फार महत्त्वाचं वाटलं.

कमी काय, तर नकाशा नव्हता. एवढ्या हद्दी नुसत्या बोटाने दाखवून डोक्यात राहत नाहीत, एक छापील कागद हातात दिला असता तरी खूप झालं असतं. आणि ज्या एजंटकडून बुकिंग केलं त्याने "रिकामा, अस्पर्शित बीच" म्हणून विकलं होतं ते मला अजिबात पटलं नाही, माणसं राहतात इथे, पिढ्यान्‌पिढ्या. शेवटी रायसिया ही अगेव्ह या काटेरी झाडापासून काढलेली इथली दारू चाखायला देतात, २०१९ पासून तिला भौगोलिक नावाचं संरक्षण आहे, चव धुरकट नि कडक, मला एक घोट पुरला.

पाचपैकी चार स्टार. गाइड स्पॅनिशच बोलतो, तेव्हा भाषा येणारं कुणीतरी सोबत न्या, चढ आहे म्हणून चांगले बूट घाला आणि परतीची शेवटची बोट कधी सुटते ते उतरल्या उतरल्या धक्क्यावरच विचारून ठेवा.