अंतराळातला कचरा पकडण्याची कार्यशाळा, नवी पेठ : जरूर जा, लवकर पोचा

भोसरीत आमच्या टूलरूममध्ये पहिला प्रश्न असतो, जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, धरायचा कुठे? नव्या पेठेत रविवारी होणारी ही कार्यशाळा त्याच प्रश्नापासून सुरू होते. फी ३०० रुपये. आठवीतल्या लेकीइतकाच मीही रमलो.

सगळ्यात झकास भाग कॅरम बोर्डचा. भरपूर पावडर टाकून त्यावर लोखंडी पत्रा चिकटवलेली एक चकती ठेवतात, आपण लोहचुंबक लावलेली दुसरी चकती तिच्याकडे सोडायची. जोरात सोडली की समोरची चिकटायच्या आतच निसटते. हळू सोडली पण मध्यापासून जरा बाजूला लागली, तर दोन्ही मिळून गरगरत जातात. "काका, मारायचं नाही, टेकवायचं," कार्यशाळा घेणाऱ्या ताई प्रत्येकाला सांगत होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये ॲस्ट्रोस्केल या जपानी कंपनीच्या एल्सा-डी यानाने सोबत नेलेला छोटा उपग्रह सोडून पुन्हा चुंबकानेच पकडला. पण त्याच्यावर चुंबकाला धरता येईल अशी तबकडी आधीच बसवलेली होती. भंगार झालेल्या रॉकेटवर ती कुठून असणार? हे ताईंनी स्वतःहून सांगितलं, म्हणून माझ्याकडून पैकीच्या पैकी.

कचरा पकडण्याच्या चाचण्यांसाठीच सोडलेल्या रिमूव्हडेब्रिस यानाने २०१८ मध्ये कक्षेत जाळं फेकलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये सेकंदाला २० मीटर वेगाने भाला मारला. दोन्हींचं चित्रीकरण दाखवलं. भाल्याचं लक्ष्य यानानेच दीड मीटरच्या दांडीवर पुढे धरलं होतं, तेही सांगितलं. खरा कचरा जवळून पाहिला तो ॲस्ट्रोस्केलच्याच एड्रास-जे यानाने. २०२४ मध्ये ते जपानच्याच सुमारे ११ मीटर लांब निकामी रॉकेटच्या १५ मीटरपर्यंत गेलं. माझ्या मते आजवरचं सगळ्यात मोलाचं काम हेच.

खटकलं ते असं. एवढ्या गर्दीला बोर्ड एकच, मागच्या मुलांना काही दिसत नव्हतं. बोलणं सगळं मराठीत, हातात दिलेली पत्रकं मात्र इंग्रजीत. आणि इस्रोच्या स्पेडेक्सला एकच स्लाइड! जानेवारी २०२५ मध्ये आपले प्रत्येकी २२० किलोचे दोन उपग्रह कक्षेत जोडले गेले, त्यावर अर्धा तास तरी हवा होता. गाडी लावायला जागा नाही, बसने जा.

अजून एक. निकामी उपग्रह बहुधा गोल गोल फिरत असतो, बोर्डवरची चकती मात्र स्थिर होती. बेअरिंगवर फिरणारं लक्ष्य मी करून देतो, असं ताईंना सांगून आलोय. मापं त्या पाठवणार आहेत.