ड्युअल-बूटच्या बॅकअपसाठी क्लोनझिला: दिसायला रुक्ष, कामाला चोख

विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कवर असतील, तर फुकटात मिळणारं, पूर्ण डिस्कची प्रत काढणारं क्लोनझिला लाइव्ह अजूनही सर्वांत भरवशाचं. पेनड्राइव्हवरून बूट करा, 'डिव्हाइस-इमेज' आणि मग 'सेव्हडिस्क' निवडा. दोन्ही सिस्टिम, बूटच्या फायलींचं ईएफआय पार्टिशन, पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची नोंद), सगळं एका इमेजमध्ये, म्हणजे डिस्कच्या प्रतीत, येतं. भरलेले ब्लॉकच कॉपी होतात, त्यामुळे ५०० जीबीच्या डिस्कवर १२० जीबी डेटा असेल तर इमेज साधारण त्याहून लहानच होते.

अडतं ते बहुतेक विंडोजपाशी. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' करूनही विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं आणि एनटीएफएस (विंडोजच्या) पार्टिशनची कॉपी नाकारली जाते. आधी अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' (powercfg /h off) द्या, मग बंद करा. बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद पार्टिशन असेल तर रिकामी जागाही कॉपी होते आणि इमेज फुगते. ते उघडायची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा.

बॅकअपपूर्वी लिनक्समध्ये 'स्मार्टसीटीएल' (smartctl) कमांडने डिस्कची तब्येत बघाच. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) दिसले तर आधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढा. सेव्ह सुरू करण्याआधी क्लोनझिला विचारतं, झाल्यावर इमेज तपासायची का. वेळ जातो, पण 'हो' म्हणा.

उणिवा आहेतच. इमेजमधून एखादीच फाइल काढणं कटकटीचं, आणि मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर सहजासहजी रिस्टोर होत नाही. मेनूच्या निळ्या स्क्रीनवर माउसही चालत नाही. आणि हो, लक्ष्य डिस्क (जिच्यावर लिहायचं ती) निवडताना मॉडेल नंबर वाचा, नुसतं 'एसडीए' (sda, लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) बघून एंटर दाबू नका.