आठ महिने मिमिरटूल: कोणता मेट्रिक कुठल्या डॅशबोर्डात, हे शोधताना

लातूरला एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी नेटवर्क आणि सर्व्हर बघतो. ग्राहक शहरात, शिवाय औसा, निलंगा, उदगीर आणि मधल्या गावांत. ऑफिसात या कामाला मी एकटा, बाकी सगळे लाइनमन. प्रोमिथियस (सर्व्हर-स्विचांचे आकडे गोळा करून ठेवणारं) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख डॅशबोर्डावर दाखवणारं) आधीच्या ॲडमिननं बसवलेलं. तो पुण्याला गेला आणि जाताना पासवर्डाची वही अन् शंभराच्या आसपास डॅशबोर्ड माझ्या गळ्यात घालून गेला. निम्मे ग्राफानाच्या साइटवरून उतरवलेले, तर काहींचं नावच 'न्यू डॅशबोर्ड कॉपी २'. या पसाऱ्यात कोणता मेट्रिक, म्हणजे मोजलेला एकेक आकडा, कुठं वापरलाय हे शोधून देणारं टूल म्हणजे मिमिरटूल.

गेल्या दिवाळीत मी हौसेनं सगळ्या सर्व्हरांवरचा नोड एक्स्पोर्टर (सर्व्हरच्या डिस्क, सीपीयूचे आकडे प्रोमिथियसला देणारा प्रोग्राम) नवा केला. जुना ०.१५ होता. २०१८ साली आलेल्या ०.१६ आवृत्तीत बऱ्याच मेट्रिकांची नावं बदलली होती, हे मला माहीत होतं, पण वाटलं, दोन-चार आलेख रिकामे दिसतील, तेवढे दुरुस्त करू. 'नोड फाइलसिस्टिम अव्हेल' या नावापुढे 'बाइट्स' लागलं होतं. डिस्क भरत आली की ओरडणारा अलर्ट जुन्याच नावावर बसलेला. आता प्रोमिथियसची गंमत अशी, की अस्तित्वात नसलेल्या मेट्रिकवर अलर्ट ठेवला तर तो चूक दाखवत नाही, नुसता गप्प बसतो. क्वेरीला (म्हणजे आकडे मागणाऱ्या ओळीला) उत्तरच रिकामं, मग वाजणार काय? तीन आठवड्यांनी ग्राहकांचं लॉगिन तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरची डिस्क लॉगांनी गच्च भरली आणि सकाळी सातपासून फोन सुरू, 'नेट लागंना'. चूक माझीच होती.

त्यानंतर मिमिरटूल हाती घेतलं. हे ग्राफाना लॅब्जच्या मिमिर (प्रोमिथियसचे आकडे मोठ्या प्रमाणावर साठवणाऱ्या) प्रकल्पाबरोबर येतं, पण मिमिर बसवायची गरज नाही. साध्या प्रोमिथियसवर चालतं. एकच बायनरी फाइल उतरवायची, चालवायची परवानगी द्यायची, झालं. 'मिमिरटूल ॲनालाइझ ग्राफाना' असा आदेश, त्याला ग्राफानाचा पत्ता आणि सर्व्हिस अकाउंटचं टोकन (पासवर्डासारखी किल्ली) द्यायचं. ते एकेक डॅशबोर्ड उघडतं, आतल्या क्वेऱ्या वाचतं आणि एक जेसन फाइल लिहून देतं: वर वापरात असलेल्या सगळ्या मेट्रिकांची यादी, खाली डॅशबोर्डवार कोणते मेट्रिक. मग त्या फाइलीत जेक्यूनं (जेसन चाळायच्या छोट्या टूलनं) हवं ते शोधा.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा त्यात जेमतेम चाळीस डॅशबोर्ड आले. मला वाटलं, टूलच अर्धवट आहे. टूल ठीकच होतं. मी ज्या अकाउंटचं टोकन दिलं होतं त्याला काही फोल्डर बघायची परवानगीच नव्हती. टोकनला जेवढं दिसतं तेवढंच टूलला दिसतं, आणि उरलेल्यांबद्दल ते चकार शब्द काढत नाही. नव्यानं वापरणाऱ्यांनी आधी आकडा ताडून घ्यावा.

ग्रेपनं (फाइलींत शब्द शोधणाऱ्या आदेशानं) भागत नाही का? भागतं, मी वर्षभर तेच करत होतो. सगळ्या डॅशबोर्डांचे जेसन एका फोल्डरात उतरवायचे आणि ग्रेप मारायचा. पण 'नोड सीपीयू' शोधलं की 'नोड सीपीयू सेकंड्स टोटल'ही येतं, पॅनेलचं (डॅशबोर्डातल्या एकेका आलेखाच्या चौकटीचं) शीर्षक येतं, वर्णनातलं वाक्यही येतं. मिमिरटूल क्वेरी खरोखर समजून घेतं, म्हणून नाव नेमकं येतं. जुनी नावं वापरणारे अकरा डॅशबोर्ड एका संध्याकाळी सापडले. त्यातले सात कुणी उघडतच नव्हतं, ते उडवले.

या टूलचे माझे पैसे वसूल झाले (म्हणजे वेळ, टूल फुकट आहे) ते मात्र दुसऱ्याच ठिकाणी. आमच्या मालकांचं म्हणणं होतं, 'अपलिंकचा आलेख तर साडेतीनशे-चारशेच्या वर जात नाही, मग रात्री ग्राहक का बोंबलतात?' अपलिंक म्हणजे आम्हाला बाहेरच्या इंटरनेटला जोडणारी लिंक, ती सेकंदाला एक गिगाबिटची; आलेख मेगाबिटांत. मी यादीत ट्रॅफिकचे मेट्रिक शोधले तर दोन नावं निघाली. बहुतेक डॅशबोर्डांत 'आयएफ एचसी इन ऑक्टेट्स', म्हणजे ६४ बिटांचा काउंटर (गेलेल्या बाइटांचा वाढत जाणारा आकडा). मालकांच्या लाडक्या डॅशबोर्डात मात्र 'आयएफ इन ऑक्टेट्स', ३२ बिटांचा. ३२ बिटांचा काउंटर सव्वाचार अब्ज बाइटांवर पोचला की पुन्हा शून्यावर येतो. एक गिगाबिटची लिंक पूर्ण भरून वाहत असेल तर त्याला ३४ सेकंद लागतात. आम्ही मिनिटाला एकदा आकडा वाचतो. म्हणजे दोन वाचनांच्या मध्ये काउंटर एकदा-दोनदा फेरी मारून आलेला, आणि प्रोमिथियसला वाटतं की स्विच रीस्टार्ट झाला. गेलेला हिशेब गेलाच. लिंक जेवढी जास्त भरणार तेवढा आलेख जास्त खोटा. मी शेजारी ६४ बिटांचा आलेख लावला, तो रात्री नऊ ते अकरा साडेनऊशेला टेकलेला. मालक बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, 'म्हंजे दोन वर्षं मी हे उगंच बघूलालतो?' दुसऱ्या लिंकची ऑर्डर त्याच आठवड्यात गेली.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: मेट्रिक कुठल्या डॅशबोर्डात आहे ते कळतं, कुठल्या पॅनेलात आहे ते कळत नाही. वीस-पंचवीस पॅनेलांचा डॅशबोर्ड असला तर शेवटी उघडून एकेक बघा, किंवा पुन्हा जेसनवर ग्रेप. दुसरी: क्वेरीत मेट्रिकचं नावच व्हेरिएबलमध्ये ठेवलं असेल तर ते वाचता येत नाही. ते 'पार्स एरर' म्हणून वेगळं लिहून ठेवतं हा प्रामाणिकपणा आहे, पण ती यादी न वाचता पुढं जायचा मोह होतो. प्रोमक्यूएल (प्रोमिथियसची क्वेरीची भाषा) सोडून दुसऱ्या भाषेतल्या क्वेऱ्या हिशेबातच नाहीत. बिलिंगचे माझे तीन डॅशबोर्ड मायएसक्यूएलवर आहेत, ते त्याच्या लेखी नाहीतच.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणू की इशारा, ठरत नाही. 'ॲनालाइझ प्रोमिथियस' या आदेशानं उलटी यादी मिळते: प्रोमिथियसमध्ये गोळा होतात पण कुठंच वापरात नाहीत असे मेट्रिक, आणि प्रत्येकाच्या सिरीज (सर्व्हर-पोर्टागणिक वेगळ्या नोंदी) किती. स्विचच्या प्रत्येक पोर्टमागे डझनभर नको ते मेट्रिक येत होते. ते रीलेबलनं (प्रोमिथियसमधल्या गाळणीच्या नियमानं) गाळायचे म्हणून मी यादी करत बसलो, आणि त्यात 'यूपीएस सेकंड्स ऑन बॅटरी' दिसला. थबकलो. गावातल्या पीओपीवर (आमची उपकरणं असलेल्या ठिकाणी) लाइट गेली की मला उठवणारा अलर्ट याच मेट्रिकवर आहे! डॅशबोर्डात तो कुठंच नव्हता, फक्त अलर्टच्या नियमांत होता, आणि नियमांच्या फाइलींवर 'ॲनालाइझ रूल फाइल' चालवायचं मी विसरलो होतो. ते आधी चालवलं असतं तर हा मेट्रिक वापरातल्यांत मोजला गेला असता. मी तो गाळला असता तर मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत बॅटऱ्या आधीच अर्धमेल्या असताना, पुन्हा तोच गप्प बसलेला अलर्ट.

म्हणून आता एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. दर सोमवारी पहाटे क्रॉन (ठरल्या वेळी आदेश चालवणारा) आधी नियमांच्या फाइली वाचतो, मग ग्राफाना, मग प्रोमिथियसकडून चालू मेट्रिकांची यादी आणतो. डॅशबोर्डात किंवा नियमात आहे पण प्रोमिथियसमध्ये नाही, असं एकही नाव निघालं तर मला मेल येतो. मिमिरटूल हे स्वतःहून करत नाही, दोन याद्या मला जोडाव्या लागल्या. पण दहा ओळींचं काम आहे. चार महिन्यांत असे दोन मेल आले. दोन्ही वेळा एक्स्पोर्टर बदलल्यानंतर.

निलंग्याच्या पीओपीवर जुना यूपीएस आहे, त्यात एसएनएमपीचं (नेटवर्कवरून आकडे देणारं) कार्डच नाही. तिथं अजूनही लाइनमनचा फोन हेच आमचं मॉनिटरिंग: 'सर, लाइट गेलीय, बॅटरी फुल दाखवूलालीय, पर टॉवर बंद हाय.'