चार ट्यूब गॉश आणि हाताने शिवलेली पुस्तकं : काही महिन्यांच्या वापरानंतर

इलस्ट्रेशन शिकताना पात्ररचना, रंग आणि पुस्तकबांधणी हे तीन विषय वेगवेगळे शिकवतात आणि सरावही आपण तसाच सुटा सुटा करतो. गेले काही महिने मी हे तिन्ही एकाच कामात गुंफले. गॉशच्या (पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगाच्या) चार ट्यूब, एकच पात्र आणि त्या पात्राची स्वतः शिवलेली छोटी पुस्तकं. एवढ्या वापरानंतर माझं मत ठाम झालंय की क्रम उलटा हवा. आधी कोरं पुस्तक बांधावं, मग रंग ठरवावेत आणि पात्र सगळ्यात शेवटी पक्कं करावं.

माझं पात्र म्हणजे संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावत फिरणारा एक उंच माणूस. घोट्यापर्यंत कोट, खांद्यावर शिडी, मागून चालणारा बुटका कुत्रा. ट्यूब घेतल्या त्या अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, एक उबदार पिवळा आणि टायटॅनियम पांढरा. काळा मुद्दाम घेतला नाही, कारण अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळले की काळ्याच्या अगदी जवळ जाणारा गडद रंग मिळतो. निळा थोडा वाढवला की तो रात्रीचा होतो, तपकिरी वाढवला की दाराच्या लाकडाचा. मोजके रंग वापरण्यात नवीन काही नाही. स्वीडिश चित्रकार आंदेर्स झोर्न (१८६०–१९२०) याच्या नावाने ओळखली जाणारी पॅलेट पिवळी माती, शेंदरी, काळा आणि पांढरा एवढ्यावरच उभी आहे. पण सलग पानांच्या पुस्तकात या मर्यादेचा फायदा सुट्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. आकाश, कोट, कुत्रा, सावली, सगळ्यांत तेच रंग फिरत असल्यामुळे पान उलटलं तरी आपण त्याच गावात आहोत असं वाटत राहतं.

ट्यूब निवडताना नावापेक्षा मागे छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक बघा. अल्ट्रामरीनसाठी पीबी २९, बर्न्ट सिएनासाठी सहसा पीबीआर ७, टायटॅनियम पांढऱ्यासाठी पीडब्ल्यू ६. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी दुसरं काहीतरी वापरलेलं असतं. ते वाईटच असतं असं नाही, पण मिसळल्यावर वेगळं वागतं. फ्लुओरोसंट गुलाबी आणि नारिंगी दिसायला भुरळ घालतात, मात्र उजेडात लवकर उडतात. मूळ चित्रच पुस्तकात जाणार असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

गॉशचा खरा स्वभाव वाळताना कळतो. फिकट छटा वाळल्यावर थोड्या गडद होतात आणि गडद छटा थोड्या उजळतात. एका चित्रात हे खपून जातं. पण कोटाचा करडा रंग प्रत्येक पानावर तोच हवा असेल तर ओल्या रंगावर विश्वास ठेवून चालत नाही. मी कोटाचा रंग एकदाच भरपूर कालवून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवते आणि त्याची वाळलेली पट्टी डबीच्या झाकणावर चिकटवते. पुढच्या वेळी थेंबभर पाणी घालून ढवळायचं, रद्दी कागदावर फटकारा मारायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच पट्टीशी ताडून बघायचं. डबी फार दिवस ओली ठेवू नये. गॉशमधलं बंधक बहुतेकदा डिंकाचं असतं आणि त्यावर बुरशी धरते.

एक गोष्ट मात्र डबीनेही सुटत नाही. कोट तोच असला तरी निळ्या आकाशापुढे तो तांबूस दिसतो आणि पिवळ्या खिडकीपुढे जांभळट. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल पॅरिसच्या गोबेलाँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. त्याने शोध घेतला तेव्हा दोष रंगाचा नव्हता, शेजारी विणलेल्या रंगांचा होता. १८३९ मध्ये त्याने हे सगळं सविस्तर मांडलं. तेव्हा खिडकीच्या पानावर कोट डोळ्यांना तसाच दिसावा म्हणून मी डबीतल्या रंगात चिमूटभर पिवळा वाढवते. रंगाच्या पट्टीशी तो जुळत नाही, पण पात्राशी जुळतो, आणि वाचक पट्टी बघत नाही.

पात्राच्या आकाराचं काम त्या मानाने लवकर झालं. अंगठ्याएवढ्या चौकटीत नुसती भरीव आकृती काढायची आणि चेहरा न दाखवता माणूस ओळखू येतो का ते बघायचं. शिडीमुळे तो लगेच ओळखू यायचा. कुत्रा मात्र कोटाच्या सावलीत हरवायचा, म्हणून त्याचे कान उभे आणि टोकदार केले. गोलाकार आकार मऊ आणि कोनदार आकार धारदार वाटतात हे फक्त चित्रकारांचं म्हणणं नाही. मानसशास्त्रज्ञ क्योलर याने १९२९ मध्येच आकार आणि आवाज यांचा असा मेळ लोक आपसूक लावतात हे दाखवलं होतं. उभ्या कानांनी कुत्रा सावध झाला आणि गोष्टीत त्याला काम मिळालं. आधी तो नुसता मागून चालायचा, आता विझलेला दिवा पहिल्यांदा त्यालाच दिसतो.

आता पुस्तकाकडे येते, कारण माझ्या मते या सगळ्या प्रयोगाचा गाभा इथे आहे. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेला लागलेले असतात. तीच त्याची ग्रेन. घडी ग्रेनला समांतर असेल तर ती स्वच्छ पडते आणि पान लवचीकपणे उलटतं. आडवी असेल तर घडीवर कागद फुटतो, पान ताठ उभं राहतं आणि गोंदाच्या ओलीने पुस्तक वाकतं. ओळखायला सोपं आहे. कागद न मोडता दोन्ही दिशांनी अलगद वाकवून बघा. जिकडे तो कमी विरोध करतो त्या वळणाला ग्रेन समांतर असते. गंमत अशी की बाजारातल्या ए४ कागदाची ग्रेन बहुतेकदा लांब बाजूला समांतर असते. म्हणजे तो मधोमध दुमडून ए५ पुस्तिका केली की घडी नेमकी ग्रेनला आडवी जाते. त्यामुळे मी मोठा ताव घेऊन हव्या दिशेने कापते. थोडा कागद वाया जातो, पण पुस्तक उघडताना हाताला जो फरक जाणवतो त्यापुढे ते काहीच नाही.

जाडीचंही तसंच. ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद रंगाला उत्तम, घडीला वाईट. १५० ते २०० जीएसएमच्या मधला कागद मला दोन्हीकडे चालला, पण रंग पातळ लावावा लागतो. घडीच्या जागी बोन फोल्डरने (घडी दाबायच्या गुळगुळीत, चपट्या पट्टीने) आधी रेघ दाबून घ्यायची आणि दोन्ही बाजूंना बोटभर पट्टी रंगाशिवाय सोडायची. गॉशचा जाड थर घडीवर तडकतोच, त्यावर उपाय नाही. ही कोरी पट्टी मान्य केली तेव्हा माझी शिडी बदलली. आधी ती दोन्ही पानांवरून आडवी जायची आणि मधल्या घडीत तिच्या पायऱ्या गिळल्या जायच्या. आता माणूस ती उभी धरतो. त्यामुळे तो आणखी उंच दिसू लागला आणि त्याची सगळी चालच बदलली. कोरी नमुना-पुस्तिका आधी हातात होती म्हणून हे चित्र काढतानाच सुचलं.

शिवणीत मी पुन्हा पुन्हा तीन भोकांच्या साध्या टाक्याकडेच येते. आतून मधल्या भोकातून सुई बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत, आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर आणि शेवटी मधल्यातून परत आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारायची. मेण लावलेला लिननचा दोरा गाठ धरून ठेवतो. पानं चाराच्या पटीत येतात हे लक्षात ठेवून गोष्ट आखावी लागते. छापील चित्रपुस्तकं बऱ्याचदा ३२ पानांची असतात ती याच हिशेबाने, १६ पानांचे दोन फर्मे, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेले पानांचे गठ्ठे. कडेने भोकं पाडून शिवायची जपानी पद्धत दिसायला फार देखणी आहे, पण पुस्तक सपाट उघडत नाही आणि आतली दोनेक बोटं जागा जाते. दोन पानांवर पसरलेल्या चित्रांना ती चालत नाही.

समोरासमोरची रंगवलेली पानं ही गॉशची मोठी अडचण. गडद रंग घासून समोरच्या पानावर उतरतो. कोटाच्या पानासमोर पांढरा कागद ठेवून रात्रभर वजनाखाली दाबला की सकाळी त्यावर करडी छाया दिसते. ॲक्रिलिक गॉश, म्हणजे वाळल्यावर पाण्यात न विरघळणारा गॉश, घासून निघत नाही, पण उकाड्यात आणि दाबाखाली तीच पानं एकमेकांना चिकटू शकतात. शिवाय त्यात बुडवलेला ब्रश वाळला की गेलाच. मला जमलेला मार्ग असा की पार्श्वभूमी ॲक्रिलिक गॉशने करायची आणि चेहरे, हात, दिव्याचा उजेड साध्या गॉशने. भाव चुकला तर ओल्या ब्रशने फक्त चेहरा पुसता येतो, खालचं आकाश शाबूत राहतं. बांधायच्या प्रतीसाठी मात्र मी पानं स्कॅन करून छापते. मूळ चित्राच्याच आकारात छापायचं असेल तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरेसं आहे. अल्ट्रामरीनची खोली नेहमीच्या चार शायांच्या छपाईत पूर्ण उतरत नाही, तो थोडा मळतो. त्यामुळे रात्रीच्या पानांवर उजेडाचा पिवळा मी मूळ चित्रातच जरा जोरकस ठेवते. निळा मंदावला तरी दिवा पेटलेला दिसायला हवा.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं. पहिल्यांदा संपणारी ट्यूब पांढऱ्याची असते, ती सगळ्यात मोठी घ्या. पिवळा सगळ्यात कमी लागतो. बोन फोल्डर, जाड सुई, भोकं पाडायला आरी आणि पोलादी पट्टी एवढी हत्यारं पुरतात. तयार किट घ्यायची गरज पडली नाही. पुठ्ठ्याच्या कव्हरसाठी पीव्हीए गोंद (नेहमीचा पांढरा गोंद) लवकर धरतो, खळ लावली तर कागद सरकवून नीट बसवायला वेळ मिळतो. नवशिक्यांनी खळीपासूनच सुरुवात करावी. आणि चेहरा रंगवायला घेण्याआधी त्याच कागदाची कोरी पुस्तिका शिवून दोन दिवस हाताळा.