घरी गाडी धुण्याचं मोजकं सामान: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

बाहेर गाडी धुवायला देणं बंद करून आता बरेच महिने झाले. माझ्याकडे सामान फार नाही. दोन बादल्या, गाडीसाठीचा शाम्पू, हातात घालायचा मायक्रोफायबरचा वॉश मिट, पुसायला चांगली कापडं, चाकांसाठी वेगळा ब्रश आणि स्प्रे वॅक्सची एक बाटली. एवढ्यात गाडी छान राहते. मात्र खर्च कुठे करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: चमक देणाऱ्या बाटल्यांवरचे पैसे वाचवा आणि कापडांवर घाला.

कारण सांगतो. गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा जो पारदर्शक थर असतो, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा किंवा त्याहून पातळ. कापडाखाली धुळीचा कण अडकला आणि तसंच घासलं, की या थरावर बारीक चरा उमटतो. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात, त्या याच. पॉलिशने त्या जातात, पण पॉलिश करणं म्हणजे हाच थर आणखी थोडा झिजवणं. चरे घालवण्यापेक्षा ते न पाडणं फार स्वस्त पडतं.

म्हणूनच दोन बादल्यांना मी सगळ्यात जास्त गुण देईन. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी गाडीवर भरपूर पाणी मारून सुटी धूळ-माती वाहून जाऊ द्यायची. मग मिटने एक भाग धुवायचा, मिट साध्या पाण्यात नीट पिळून काढायचा आणि त्यानंतरच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. छत आणि बॉनेट झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बोटांनी चाचपून बघा, रेती हाताला लागते. एकच बादली असती तर ती सगळी परत रंगावर घासली गेली असती. काम कायम वरून खाली. दरवाजांचा खालचा भाग आणि मागचा बंपर शेवटी, कारण सगळ्यात जास्त माती तिथेच असते. चाकांवर ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण असतात, त्यामुळे चाकांचा ब्रश आणि कापड रंगाला चुकूनही लावायचं नाही.

भांड्यांचा साबण चालतो का, असं हमखास विचारलं जातं. गाडी स्वच्छ होते, पण तेलकटपणाबरोबर वॅक्सही निघतं. गाडीचा शाम्पू बादलीत थोडासाच लागतो आणि एक बाटली पुष्कळ दिवस पुरते.

पुसण्यासाठी मोठं, दाट कापड घ्या. मी ते पत्र्यावर पसरतो आणि न दाबता हलकेच ओढतो. गाडी सावलीत हवी आणि पत्रा थंड. पाणी जड असेल आणि ते उन्हात वाळलं, तर क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि साध्या धुण्याने ते जात नाहीत. कापडं घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळी धुवायची, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही. त्याने तंतूंवर थर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं. जमिनीवर पडलेलं कापड माझ्याकडे थेट चाकांच्या कामाला जातं. एवढं सांभाळल्यामुळे माझी पहिली कापडं अजून मऊ आहेत.

स्प्रे वॅक्सबद्दल मात्र थोडी नाराजी आहे. लावायला सोपं आहे, हात फिरवला की पत्रा गुळगुळीत लागतो, पावसात पाण्याचे थेंब टपोरे उभे राहतात. पण बाटलीवर लिहिलंय तितके दिवस ते टिकत नाही. काही धुण्यांनंतर पाणी पसरायला लागतं, तेव्हा मी पुन्हा लावतो. क्ले बार, म्हणजे धुऊनही पत्र्याला चिकटून राहिलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, वर्षातून एखादवेळी पुरे. धुतलेल्या पत्र्यावर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. खरखर जाणवली तरच क्ले वापरा आणि ओलाव्याशिवाय तो कधीच फिरवू नका.

आतल्या बाजूला खर्च जवळजवळ नाही. व्हॅक्यूम, ओलसर मायक्रोफायबर आणि एसीच्या जाळ्यांसाठी मऊ केसांचा रंगाचा ब्रश. डॅशबोर्ड चकचकीत करणारा स्प्रे घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. त्याची चमक समोरच्या काचेत उमटते आणि उन्हात गाडी चालवताना डोळ्यांना त्रास होतो. काचेला आतून जो धूसर थर येतो, त्याला दोन कापडं लागतात, एक ओलसर आणि एक कोरडं. एकाच कापडाने तो थर नुसता इकडून तिकडे फिरतो.

एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात. तिथे चिखल बसला की पाणी आत साचतं आणि गंज धरतो. दरवाजा उघडून जुन्या टूथब्रशने ती मोकळी करायची, क्षणभराचं काम आहे.

पॉलिशिंगचं मशीन घ्यायचा विचार मी सोडून दिलाय. त्याऐवजी आता हातपंपाचा फोम स्प्रेअर घेणार आहे. मिट लावण्याआधी फेसाने माती सैल झाली, तर घासायला आणखी कमी उरेल.