डबलबारी सामना, वेंगुर्ल्याची किनारपट्टी: गजर उत्तम, सत्कार लांबले

हरिनाम सप्ताहाच्या समाप्तीला वेंगुर्ला तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावात, देवळापुढच्या पटांगणात झालेला हा डबलबारी भजनाचा सामना. दोन बुवा, दोन मंडळं, प्रवेश सर्वांना खुला, बॅनरवरची वेळ संध्याकाळी ६.३०. बुवांची नावं इथे घेत नाही. नावं आली की वाचणारे आपापल्या बुवांची बाजू धरून बसतात आणि गाण्याचं, व्यवस्थेचं बोलणं मागे पडतं. थोडक्यात मत असं: दोन्हीकडचं गाणं तयारीचं, दुसऱ्या मंडळाचा पखवाज फार वरच्या दर्जाचा, आवाजाची व्यवस्था मधली, आणि वेळेचं नियोजन वाईट. तरीही असा सामना जवळपास असेल तर जरूर जावं, आणि गजरासाठी, म्हणजे लय वाढवत नेलेल्या नामघोषासाठी, जावं. टोमणे दुसऱ्या दिवशी मोबाइलवरही ऐकायला मिळतात. गजर तसा मिळत नाही, कारण मोबाइलच्या माइकमध्ये झांज बाकी सगळं गिळून टाकते.

डबलबारी कधी ऐकली नसेल तर एवढं पुरे: दोन मंडळं समोरासमोर किंवा शेजारी बसतात. प्रत्येकात पेटीवर बुवा, एक पखवाजवादक, बहुतेक ठिकाणी एक तबलजी, एक झांजवाला आणि पाच-सहा जणांचा कोरस. एक मंडळ आपली बारी गाऊन थांबतं, मग दुसरं सुरू करतं. पहिल्या बारीत नमन, रूपाचा अभंग (देवाच्या रूपाच्या वर्णनाचा), मुख्य अभंग आणि गजर. पुढच्या बाऱ्यांत गौळण, प्रश्नोत्तरं, कोपरखळ्या. पहिल्या बारीत बुवांची विद्या कळते, नंतरच्या बाऱ्यांत हजरजबाबीपणा.

आधी वेळेचं बोलू, कारण सगळं गणित तिथेच बिघडलं. ६.३०चा कार्यक्रम ७.१५ला सुरू झाला, तोही सत्काराने. शाल-श्रीफळं २५ मिनिटं चालली. पहिल्या बुवांनी पेटीचा भाता उघडला तेव्हा ७.४० झाले होते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२पर्यंत सूट देऊ शकतं, पण गावच्या सप्ताहाला ती सूट मिळेलच असं धरून चालता येत नाही. इथे ती नव्हती. म्हणजे हातात राहिली १४० मिनिटं. पहिल्या बाऱ्या प्रत्येकी ५० मिनिटांच्या झाल्या आणि उरलेल्या ४० मिनिटांत दोघांना वीस-वीस मिनिटं. पहिल्या बुवांची गौळण त्यात राहूनच गेली. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारे सामने आता साडेतीन तासांत बसवायचे आहेत हे आयोजकांनी मनाशी पक्कं करायला हवं. सत्कार करायचेच असतील तर दोन बाऱ्यांच्या मध्ये करावेत. दुसरं मंडळ पखवाज लावत असतं, माइक जुळवत असतं, त्यात पाच-सात मिनिटं तशीही जातात.

आता पखवाज. पहिले बुवा काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत) गायले, दुसरे काळी पाचमध्ये. दोन्ही पट्ट्यांत पूर्ण एका स्वराचं अंतर, त्यामुळे दोघांचे पखवाज वेगळे, आणि त्यांचं नशीबही वेगळं निघालं. मार्गशीर्षातली रात्र, समुद्र हाकेच्या अंतरावर, मंडपाला वर छत पण बाजू उघड्या. आठनंतर हवेत दमटपणा वाढायला लागला. तो चामड्यात शिरला की पुडी (वाजवायचं ताणलेलं चामडं) सैल पडते आणि स्वर उतरतो. पेटीचे पितळी सूर जवळजवळ जागच्या जागी राहतात. त्यामुळे सुरुवातीला नीट जुळलेला पखवाज अर्ध्या-पाऊण तासात पेटीच्या खाली जातो. पहिल्या मंडळाचं हेच झालं. मुख्य अभंगापर्यंत शाईच्या, म्हणजे उजव्या, बाजूचा ‘ता’ स्पष्ट उतरलेला ऐकू येत होता आणि वादक जोर वाढवून ते झाकू पाहत होते. जोराने स्वर चढत नाही, फक्त कर्कश होतो. अशा वेळी बुवांनी निरूपणाची चार वाक्यं जास्त बोलायची आणि वादकाने तेवढ्यात गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या कड्यावर) वरून हातोडीचे हलके ठोके देत फेर पूर्ण करायचा. फरक जास्त असेल तर गट्टे (चामड्याच्या पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) शाईच्या पुडीपासून लांब सारायचे. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या मंडळाने ही अडचण येऊच दिली नाही. त्यांचा पखवाज आपली बारी येईपर्यंत गवसणीत, वर चादर गुंडाळून ठेवलेला होता. दहा मिनिटं आधी बाहेर काढला, किंचित चढा लावला, आणि पहिलं नमन संपेतो तो उतरून बरोबर पेटीवर येऊन बसला. धुमेवर, म्हणजे डाव्या पुडीवर, लावायची कणीकही त्यांनी तेव्हाच लावली. लिंबाएवढा गोळा, पोळीच्या कणकेपेक्षा सैल, मध्ये जाड आणि कडेला पातळ. पहिल्या मंडळाने कणीक सत्कारांच्या आधीच लावून ठेवली होती. समोर हॅलोजन, बाजूला पंखा. कणकेला साय धरली, धुमेचा स्वर चढला आणि घुमारा गेला. किनाऱ्यावर भजन करणाऱ्या मंडळांना हे माहीत नसतं असं नाही, पण सत्कार किती लांबणार याचा अंदाज त्या बिचाऱ्या वादकाला कसा येणार?

गायकीबद्दल. दोन्ही बुवांचे आवाज मोकळे, वरच्या षड्जावर न घसरणारे. पहिल्या बुवांची तयारी रागदारीची, त्यांचा रूपाचा अभंग संथ आणि फार देखणा झाला. कोरसने तिथे आवाज राखून गायलं, हे विशेष. मुख्य अभंगाला मात्र त्यांनी सिनेमाची चाल घेतली आणि तिथे पकड सुटली. चाल सिनेमाची असायला हरकत नाही. ती अभंगाच्या मापात बसते का, एवढंच बघायचं. मोठ्या अभंगाच्या कडव्यात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. या अपुऱ्या चौथ्या चरणानंतर जी मोकळी जागा राहते, तिथेच टाळ-झांज बोलते आणि कोरस श्वास घेऊन ध्रुवपदावर येतो. सिनेमाच्या चालीच्या चारही ओळी सारख्या लांबीच्या होत्या. मग चौथा चरण भरायला ‘हो’, ‘गा’, ‘देवा’ घालावे लागले, झांजेची जागा गेली आणि कोरस दोनदा उशिरा आला. वेळ संपत आला म्हणून शेवटचं कडवंही गाळलं. नाममुद्रेचं, म्हणजे अभंगकर्त्याचं नाव येणारं, कडवं गाळणं हा भजनात मोठा दोष आहे, भजन स्पर्धेत परीक्षक त्याचे गुण कापतील.

दुसऱ्या बुवांचा आवाज पहिल्यांइतका गोड नाही. पण त्यांनी जुन्या वळणाची चाल घेतली, सगळी कडवी गायली, आणि मग गजर धरला.

या गजरावर थोडं थांबायला हवं. नामाची एक छोटी ओळ, आठ मात्रांचा भजनी ठेका. सुरुवातीला बुवांनी ती सहा-सात वेळा एकाच लयीत म्हणवून घेतली, कोरसचे शब्द अगदी एकत्र पडेपर्यंत. मग लय थोडी वाढवली आणि तिथेच पुन्हा स्थिर केली. मग दुगुण, म्हणजे दुप्पट लय. प्रत्येक पायरीवर आधी पखवाज गेला, मागून झांज, शेवटी कोरस. हा क्रम महत्त्वाचा आहे. उत्साहाच्या भरात झांज पुढे पळाली की कोरस तिच्या मागे धावतो, पखवाजवादकाला नाइलाजाने हात आखडता घ्यावा लागतो आणि समेवर (ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर) सगळे वेगवेगळ्या वेळी पोचतात. पहिल्या मंडळाच्या गजरात तेच घडलं. दुसऱ्या मंडळाचा झांजवाला पूर्ण वेळ पखवाजवादकाच्या उजव्या हाताकडे बघत होता, आणि उघडा ठोका कुठे, दाबलेला कुठे, हे त्याने पायरीनुसार बदललं. वरच्या लयीत त्याने बहुतेक ठोके दाबूनच मारले, म्हणून शब्द ऐकू आले. शेवटची तिहाई (तोच बोल तीनदा) समेवर पडली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “बुवांनी मैदान मारल्यानी!” ते खरंच होतं, फक्त श्रेय बुवांइतकंच त्या दोन वादकांचं.

झांज पळण्यामागे आवाजाच्या व्यवस्थेचाही हात होता, तेव्हा सगळा दोष वादकावर टाकणं बरोबर नाही. मंचावर गाणाऱ्यांकडे तोंड केलेला एकही मॉनिटर स्पीकर नव्हता. त्यांना ऐकू येत होते ते पटांगणाच्या टोकाला, साधारण ३५ मीटरवर लावलेले स्पीकर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तिथून परत येणारा सूर एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. गजराच्या दुगुणीत हे अंतर मात्रेच्या चौथाईएवढं सहज होतं. आपण मागे पडलो असं समजून झांजवाला पुढे ओढतो. दोन साधे मॉनिटर, एक बुवांसमोर आणि एक कोरससमोर, एवढ्याने हे थांबतं. दुसरी चूक: झांजेला वेगळा माइक दिला होता. झांजेला माइक लागत नाही. ती बुवांच्या माइकमधून आधीच भरपूर येते. तो माइक पखवाजाच्या धुमेकडे वळवला असता तर मागच्या रांगांना घुमारा मिळाला असता. पहिल्या बारीत तीनदा शिट्टी वाजली, कारण कोरसचे माइक स्पीकरच्या पुढच्या बाजूला होते. मधल्या वेळेत ते मागे घेतले, तेव्हापासून त्रास झाला नाही.

प्रश्नोत्तरांची छोटी बारी रंगली. पहिल्या बुवांनी समुद्रमंथनातली चौदा रत्नं विचारली, आणि नुसती सांगू नका, तालात बसवून सांगा अशी अट घातली. दुसऱ्यांनी रूपक तालाच्या सात मात्रा घेतल्या, एका आवर्तनात दोन रत्नं, सात आवर्तनांत चौदा: लक्ष्मी, कौस्तुभ, पारिजातक, सुरा असं करत अमृतावर सम. श्रोते बोटांवर मोजत होते. डबलबारीतला सवाल असा असावा. नंतरच्या दहा मिनिटांत मात्र दोघेही एकमेकांच्या वयावर आणि पोटावर घसरले. लोक हसले, पण एवढ्या वेळात गौळण झाली असती.

बक्षिसाची पद्धत बदलायला हवी. श्रोता नोट घेऊन मंचापाशी जातो, बुवा गाणं थांबवून नाव वाचतात, गाव वाचतात, आणि बांधलेली लय सुटते. बक्षीस द्यावं, तो या भजनाचा मान आहे, पण बारी संपल्यावर द्यावं, आणि नावं आयोजकांनी वाचावीत. मोबाइलच्या ट्रायपॉडचंही तेच. पाच-सहा जण थेट प्रक्षेपणासाठी पहिल्या रांगेपुढे उभे होते, मागे जमिनीवर बसलेल्या बायकांना पखवाजवादकाचे हात दिसतच नव्हते. त्यांना बाजूची एक कड आखून द्यावी.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. मंचापासून ८ ते १० मीटरवर, मधोमध बसावं. स्पीकरच्या खोक्याशेजारी बसलात तर शब्द कळत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी कान दुखतात. सतरंज्या मागच्या बाजूला संपल्या होत्या, तेव्हा आपली चटई असू द्यावी. थंडीच्या महिन्यांत कानटोपी आणि शाल हवीच. देवळाकडे उतरणारी चिऱ्यांची पाखाडी (पायऱ्यांची वाट) दवाने निसरडी होते, बॅटरी जवळ ठेवावी. चहा, कांदाभजी आणि खाज्याचं दुकान होतं. खाजं ताजं, आल्याचा तिखटपणा नेमका. भजी मात्र एकदा काढून परत तळलेली होती, घेऊ नयेत. महाप्रसाद १० नंतर: भात, डाळ, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. उसळीचं वाटण खरपूस भाजलेलं होतं आणि पंगत भरभर उठत होती.

परत जायला त्या वेळी एसटी नाही. कुडाळ किंवा सावंतवाडीहून येणाऱ्यांनी रिक्षा जाण्या-येण्याची ठरवूनच यावं. चारचाकी शाळेच्या मैदानावर लावावी, देवळाकडच्या पाणंदीत घालू नये. समोरून दुसरी गाडी आली की मागे घ्यायलाही जागा राहत नाही.