विमान कंपनी बुडाली की 'रिफंड'चा फोन येतो

२ मे २०२३. ठाणे, नवी मुंबईतल्या शाळांना सुट्टी लागलेली, श्रीनगर-लेहची तिकिटं कधीच काढून झालेली. त्या दिवशी गो फर्स्ट या विमान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३ तारखेपासून उड्डाणं थांबली. आधी तीनच दिवसांसाठी म्हणाले. ती विमानं पुन्हा उडालीच नाहीत. २००५ मध्ये गोएअर नावाने सुरू झालेल्या या स्वस्त विमानसेवेच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा, आदेश २० जानेवारी २०२५ रोजी निघाला.

१० मे २०२३ ला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने हा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला, तेव्हाच कंपनीवरच्या दाव्यांना कायद्याने स्थगिती लागली. त्यानंतर ग्राहक आयोगात जाऊनही वसुली होत नाही. प्रवाशाने दिवाळखोरी व्यावसायिकाकडे (दिवाळखोर कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या व्यक्तीकडे) रीतसर दावा नोंदवायचा आणि बँका, कामगारांच्या मागे रांगेत थांबायचं. ही रांग फार लांब असते. भामटे नेमके इथेच गाठतात.

वैतागलेला प्रवासी सोशल मीडियावर कंपनीच्या पोस्टखाली पीएनआर (बुकिंगचा क्रमांक) आणि मोबाइल नंबर लिहितो. काही मिनिटांत हुबेहूब लोगो लावलेल्या खात्यावरून उत्तर येतं, मग फोन. समोरचा पीएनआर, तारीख, आडनाव अचूक सांगतो, म्हणून विश्वास बसतो. ही माहिती तुम्हीच उघड्यावर टाकलेली असते. पुढे व्हॉट्सअॅपवर 'रिफंड फॉर्म' म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये थेट टाकायचं अॅप, येते. ती टाकली आणि एसएमएसची परवानगी दिली की ओटीपी परस्पर तिकडे पोचतात. नाहीतर स्क्रीन शेअर करायला लावतात, किंवा 'दहा रुपये प्रोसेसिंग फी'च्या लिंकवर कार्डाचे तपशील भरून घेतात. कोणी यूपीआय पिन मागतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या आजी-आजोबांनाही सांगून ठेवा.

पैसे गेलेच, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच बँकेला, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. उशीर महागात पडतो: ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. फोन फ्लाइट मोडवर टाका, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

मूळ तिकिटाच्या पैशांसाठी क्रेडिट कार्ड हा सगळ्यात बरा रस्ता. 'सेवा मिळाली नाही' म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत, मागा; साधारणपणे प्रवासाच्या तारखेपासून १२० दिवसांची मुदत असते. कंपनी परत उडेल या आशेवर थांबलात की हीच मुदत निघून जाते. सोबत तिकीट, उड्डाण रद्द झाल्याचा मेल आणि स्टेटमेंट जोडा.

नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या एजंटला रोख दिले असतील, तर चार्जबॅक नाही. एजंटने आपल्या वॉलेटमधून तिकीट काढलं असेल, तर परतावाही त्याच वॉलेटमध्ये येतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. म्हणून पैसे देतानाच पीएनआर लिहिलेली पावती घ्या, आणि दुकानातून निघण्याआधी पीएनआर व आडनाव टाकून बुकिंग विमान कंपनीच्या साइटवर स्वतः बघा. त्यातला मोबाइल आणि ईमेल एजंटचा असेल, तर तिथेच बदलून घ्या. नाहीतर उड्डाण रद्द झाल्याचा संदेशही त्यालाच जातो.